आधी माळ्यावरची चाकं खाली काढा

कोथरूडच्या एका वाचकांनी त्यांच्या सहा वर्षं जुन्या हॅचबॅकचे १८५/६५ आर १५ टायर काढून २०५/५५ आर १६ टायर आणि बाहेरची (गाडीच्या कंपनीची नसलेली) अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिम, बसवली. ६८ हजार गेले. तेव्हापासून हायवेला स्टिअरिंग थरथरतं, गाडी बाजूला ओढते. गॅरेजवाल्याने स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा भाग) आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) बदलायचे ४५ हजार सांगितलेत. प्रश्न असा, की कार्डावर बारा हप्ते पाडायचे की एफडी मोडायची?

आज तरी दोन्ही नको. पैसे कुठून आणायचे हे नंतर बघू, ते द्यायचे आहेत का हेच अजून ठरलेलं नाही. त्रास सुरू झाला चाकं बदलल्यावर, आणि बिल निघालं रॅकचं!

तुम्ही जाता जाता लिहिलंय की जुनी चाकं माळ्यावर पडून आहेत. ती चारही लावा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला गाडी चालवून बघा. खर्च चाकं बदलायच्या मजुरीचा. त्रास गेला तर रॅकवर पैसे घालायचं कारण उरत नाही. राहिला, तर दुसऱ्या गॅरेजात गाडी वर उचलून टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट हे चाकाजवळचे सांधे तुमच्या डोळ्यांदेखत हलवून बघायला सांगा. झिजलेला सांधा हाताला कळतो, आणि नुसता टाय रॉड एंड अख्ख्या रॅकपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

थरथर आणि ओढ एकाच बिलात घालू नका. ठरावीक वेगाला थरथर येऊन पुढे कमी होत असेल, तर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का) बघा, आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भागही. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक बरेचदा मोठं असतं, कारण एकच रिम अनेक गाड्यांना विकायची असते. मग चाक हबवर न बसता नुसत्या बोल्टांवर बसतं आणि मध्य जरासा चुकला तरी स्टिअरिंगला कळतं. ही फट भरणाऱ्या रिंगा मिळतात. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारा. काम किरकोळ आहे.

ओढ कधी डावीकडे, कधी उजवीकडे असेल, तर ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या रुंद टायर पकडतोय. रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) बदलून चाक बाहेर आलं असेल तर प्रत्येक खड्डा थेट हातात जाणवतो. यावर नवा रॅक हे औषध नव्हे. ओढ कायम एकाच बाजूला असेल, तर पुढचे दोन टायर आपसात बदला (टायरवर दिशेचा बाण नसेल तरच). ओढीने बाजू बदलली तर दोष टायरचा. नाही बदलली तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करा आणि आधीच्या-नंतरच्या आकड्यांची प्रिंट मागून घ्या.

चाकंच दोषी निघाली, तर ६८ हजार डोक्यातून काढा. ‘एवढे घातलेत, आता विकायची कशी’ म्हणून त्यांच्यापायी आणखी ४५ हजार घालू नयेत. मिळेल त्या भावाला विका. मात्र जुने टायर गाडीइतकेच जुने असणार. बाजूच्या चार आकडी तारखेतले शेवटचे दोन आकडे वर्ष सांगतात. सहा वर्षांचे टायर चाचणीपुरते ठीक, रोजच्याला नकोत. चार नव्यांचे वीसेक हजार धरून ठेवा.

अलॉय ठेवणारच असाल, तर ती विमा पॉलिसीत नोंदवली आहेत का बघा. नसतील, तर रिम वाकल्यावर भरपाई मागताना अडचण येईल, मोठ्या अपघातात वाद त्याहून मोठा.

आणि रॅक खरंच गेलेला निघाला, तर एफडी मोडा. ४५ हजारांना १६ टक्क्यांनी बारा हप्ते म्हणजे सुमारे चार हजार व्याज, त्यावर जीएसटी, वर प्रोसेसिंग फी. एफडी मुदतीआधी मोडली तर व्याजाला थोडी कात्री लागते, एवढंच. फक्त ती एफडी घरातला एकमेव आपत्कालीन पैसा असेल तर मला पुन्हा लिहा, मग हिशोब वेगळा मांडावा लागेल.