कारखान्यातल्या सुपरवायझरवर फेसबुकवरून गैरवर्तनाचा आरोप झालाय. उत्तर द्यावं की गप्प बसावं?

प्रश्न: माझ्या भावाचं बेळगावात छोटं वर्कशॉप आहे. काम सोडून गेलेल्या एका मुलीने तिथल्या सुपरवायझरविरुद्ध फेसबुकवर लिहिलंय. पोस्ट पसरतेय. भाऊ म्हणतो आजच खुलासा टाकू. काय लिहावं?

उत्तर:

आज काही टाकू नका. भावाला सांगा, फोन बाजूला ठेव आणि ऑफिसच्या कपाटातून एक फाइल काढ. कुठली ते सांगते, पण आधी माझं ऐकून घ्या. असाच एक घाईचा खुलासा माझ्या नावावर जमा आहे आणि त्यातलं एक अक्षरही मी लिहिलेलं नव्हतं.

उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका फाउंड्रीत मी बावीस वर्षं अकाउंट्सला होते. २०१९ चा पूर ओसरला होता, गणपती तोंडावर आले होते. अशा एका रविवारी रात्री, एप्रिलअखेर आमच्या कोअर शॉपमधून (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तो विभाग) काम सोडून गेलेल्या एका मुलीने पोस्ट टाकली. सुपरवायझर रात्री मेसेज करायचा, उत्तर दिलं नाही की दुसऱ्या दिवशी ओव्हरटाइम कापायचा, मोजणीच्या नावाखाली मागच्या स्टोअरमध्ये एकटीलाच बोलवायचा. तिने कुणाचं नाव घेतलं नव्हतं. उद्यमबागेत नाव घ्यावं लागतं थोडंच!

पहिला तासभर लोक निदान तिच्याबद्दल बोलत होते. मग कुणीतरी सुपरवायझरचं आडनाव टाकलं आणि गाडी रुळावरून घसरली. आमच्याकडे पाटील, देसाई, कुलकर्णी म्हटलं की माणूस घरी कुठली भाषा बोलतो ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. याचंही आडनाव त्यातलंच. निम्म्यांनी त्याला कन्नड ठरवून 'मराठी मुलीवर अन्याय' सुरू केलं, उरलेल्यांनी मालक मराठी म्हणून त्यांना झोडपलं. सोमवारी सकाळी मी फोन उघडला तेव्हा मंडळी १९५६ सालच्या सीमाप्रश्नापर्यंत पोचली होती. खरं सांगायचं तर तो घरी मराठी बोलतो आणि त्या मुलीच्या आईचं माहेर गोकाककडचं, घरात कन्नड. पण हे ऐकायला कुणाला वेळ होता?

आमच्या एच.आर. बघणाऱ्या गृहस्थांना मात्र हे भांडण म्हणजे देव पावला असं वाटलं. पुण्यात कसलासा कोर्स करून आले होते. चोवीस तासांत उत्तर दिलं नाही तर मौन म्हणजे कबुली, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यांनी खुलासा इंग्रजीत लिहिला, वकिलांच्या कारकुनाने त्याचं कन्नड केलं आणि आमच्या स्टोअरकीपरने कन्नडवरून मराठी. आता कन्नडमध्ये 'अनुमान' म्हणजे संशय. त्यांना म्हणायचं होतं की या आरोपांच्या खरेपणाबद्दल आम्हाला शंका आहे. मराठीत छापून आलं, 'या आरोपांबद्दल व्यवस्थापनाला अनुमान आहे'. लोकांनी अर्थ काढला की यांना आधीपासून अंदाज होता! बावीस वर्षांत कंपनीच्या हातून इतकं खरं वाक्य कधी निघालं नव्हतं, तेही चुकून.

बाकीचा मजकूर असा: आमच्याकडे सर्व भाषिक कामगार गुण्यागोविंदाने नांदतात (हे कुणी विचारलं होतं?), सदर महिलेची हजेरी असमाधानकारक होती, आणि 'आमच्या अंतर्गत तक्रार समितीने ज्येष्ठ महिला अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली या बाबीची दखल घेतली आहे'. (कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकायला कायद्याने ठेवायला लावलेली ती ही समिती.)

हे मला ऑफिस बॉयने दाखवलं. म्हणाला, "ताई, तुम्ही अध्यक्ष कधी झालात ओ?"

मी म्हटलं, "मीच विचारतो की रे तुला." (आमच्या बेळगावात बायकाही 'मी करतो', 'मी आलो' म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी बिचकू नये.)

कारखान्यात ज्येष्ठ महिला अधिकारी म्हणावी अशी मी एकटीच. फाइल मागवली. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा तपासणीसाठी केलेला एक कागद निघाला. अध्यक्षा म्हणून माझं नाव, खाली टाइप केलेलं 'सही/-'. बाहेरच्या संस्थेची सदस्य म्हणून दाखवलेली बाई मालकांची मावसबहीण. एकही बैठक नाही. समितीच्या नेमणुकीचा कागद भिंतीवर तर कधी लागलाच नव्हता, आणि कायद्याने तो लावणं सक्तीचं आहे.

घरी यजमान म्हणाले, तुझी सही नाही ना, मग गप्प बस. मी गप्प बसले नाही, याचा त्यांना आजही राग आहे. तो मुद्दा इथे नको.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, साहेब, तुम्ही जगाला सांगितलंय की मी दखल घेतली, तर आता घेतो. बाहेरची सदस्य बदलून द्या आणि मला त्या मुलीचा पत्ता द्या. एच.आर. लगेच म्हणाले, मुदत संपली. तक्रार तीन महिन्यांत द्यायची असते, हे खरं. पण कारण लेखी नोंदवून समितीला आणखी तीन महिने वाढवता येतात, हे त्यांच्या कोर्सात नसावं. मी तोपर्यंत कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा तो २०१३ चा कायदा रात्रभर बसून वाचून काढला होता. जमाखर्च बघणाऱ्या बाईला कलमं अवघड जात नाहीत.

रविवारी खानापूरच्या बसने तिच्या गावी गेले. दोन वर्षं ती मुलगी कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर डबा खायची. चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "ताई, तुमच्या नावाचा कागद भिंतीवर कधी दिसला असता तर मी फेसबुकवर कशाला गेलो असतो?"

यावर मला काही बोलता आलं नाही. बसमध्येही तेच डोक्यात होतं.

तिने लेखी तक्रार दिली. कोअर शॉपच्या तिघीजणी साक्षीला आल्या, त्यातली एक नंतर फिरली. तिचा नवरा त्याच सुपरवायझरच्या हाताखाली होता, तिला दोष देत नाही. नव्वद दिवसांच्या आत अहवाल झाला, आरोप सिद्ध धरले, आम्ही कारवाई सुचवली. आणि कारवाई काय झाली? त्याने राजीनामा दिला, कंपनीने अनुभवाचा दाखला देऊन निरोप दिला, आज तो दुसरीकडे कामाला आहे. मुलीला आधी वकिलाची मानहानीची नोटीस गेली होती, तिने घाबरून पोस्ट काढली होती. ती नोटीस कुणीही परत घेतली नाही.

एच.आर. गृहस्थ आजही लग्नाकार्यात भेटले की सांगतात, त्या वेळी झटपट उत्तर दिलं म्हणून कंपनी वाचली. अहो, त्या उत्तरात तुम्ही जे केल्याचं सांगितलं होतं ते मी मागाहून करून दिलं, म्हणून वाचली. 'सदर महिलेची हजेरी' लिहून तुम्ही तिची ओळख उघड केलीत. कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे तक्रारदार, ज्याच्यावर आरोप आहे तो आणि साक्षीदार, कुणाचीच ओळख जाहीर करायची नसते, चौकशीतला तपशीलही नाही. तेव्हा तिची लेखी तक्रार यायची होती, म्हणून तुम्ही सुटलात. चौकशी हाताळणाऱ्याकडून हे घडलं तर पाच हजार दंड आहे. तुम्ही नोटिशीचा धाक दाखवलात, पण पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने पत्रकार प्रिया रमाणी यांना, जुन्या संपादकावर छळाचा जाहीर आरोप केला म्हणून भरलेल्या मानहानीच्या खटल्यात, निर्दोष सोडलं आणि बाईला आपलं गाऱ्हाणं कुठल्याही व्यासपीठावर, कितीही वर्षांनी मांडता येतं असं म्हटलं. ही कात्रणं मी जपून ठेवली आहेत. पुढच्या लग्नात दाखवीन.

असो. तुमच्या भावाने काय लिहावं? तीन ओळी पुरेत. पोस्ट वाचली. आमची समिती आहे, तिच्या अध्यक्षा अमुक-अमुक, त्यांच्याकडे लेखी तक्रार देता येईल, माजी कामगारालाही. चौकशी होईपर्यंत आम्ही कुणाबद्दलही काही बोलणार नाही. एवढंच, कन्नडमध्ये आणि मराठीत, आणि दोन्ही भाषा येणाऱ्या एकाच माणसाकडून. कन्नडमध्ये 'क्षमे' आणि मराठीत 'दिलगिरी' असलं काही नको. दोन्हीचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी लावणारे लोक बेळगावात रिकामे बसलेले आहेत. खाली कुणी भाषेचा वाद काढला तर एका शब्दानेही त्यात पडू नका. त्या वादाच्या आड लपायचा मोह होईल, आम्हाला झाला होता.

आता राहिलेलं. मी वकील नाही. दिल्लीचा तो निकाल खालच्या कोर्टाचा आहे, त्यावर विसंबून बेफिकीर राहू नका, दोन्ही बाजूंनी. तुमच्या भावाचा सुपरवायझर निर्दोष असेलही, मला काय ठाऊक. त्याचंही नाव कुठे येता कामा नये आणि त्याचंही म्हणणं ऐकायला हवं. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्यातच आहे. आणि गैरवर्तन म्हणजे नुसती शिवीगाळ किंवा पगाराचं भांडण असेल तर ही समिती नाही, तो वेगळा रस्ता.

वर्कशॉप छोटं म्हणता. दहापेक्षा कमी माणसं असतील तर समिती करायची सक्ती नाही, मुलीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, मग खुलाशात त्या समितीचा पत्ता द्या. दहा किंवा जास्त असतील आणि समिती नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि तो खुलासा टाकल्यावर कुणीतरी विचारणारच.

तेव्हा आधी ती फाइल. कागदावर अध्यक्षा म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा आणि त्या बाईला आजच फोन करून विचारा, हे तिला ठाऊक आहे का.