गरिबीतल्या बालपणाचे हाल सिनेमा संवादांशिवाय कसे पोचवतो?
आधी कॅमेऱ्याची उंची बघा. तो मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आला की मोठी माणसं म्हणजे नुसते हात, कंबर आणि दटावणारा आवाज. मूल किती हतबल आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

इराणी दिग्दर्शक माजिद माजिदींच्या १९९७ च्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’मध्ये भाऊ-बहीण एकच बुटांची जोडी आलटूनपालटून वापरतात. ती शाळेतून गल्लीबोळांतून पळत येते, मग तेच बूट घालून तो शाळेकडे धावत सुटतो. गरिबीवर भाषण कुठेच नाही, पण उशीर होईल या धास्तीने आपलाच जीव वर-खाली होतो.

प्रकाश, रंग यांचाही वाटा असतोच. पण माझ्या मते सर्वात ताकदीचा असतो तो आवाज. ‘पथेर पांचाली’त (१९५५) बाप दुर्गासाठी आणलेली साडी दाखवतो; लेक गेलीय हे त्याला ठाऊकच नसतं. आई हंबरडा फोडते, पण तो हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही. तिथे सत्यजित राय तारशहनाई या गजाने वाजवायच्या तंतुवाद्याचे चढे सूर ठेवतात. ते दृश्य एकदा आवाज बंद करून आणि एकदा चालू ठेवून जरूर बघा.