दिवस कापू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा रात्री जेवणं आटोपल्यावर वाचलं. सोबतची एक्सेल शीट मात्र दोनदा वाचली. इथे न्यूझीलंडमध्ये शिकारीला नेण्यासाठी गाईडने सांगितलेला आकडा ऐकून तू हबकलास, मग ‘आपलं आपणच जाऊ’ म्हणून हिशेब मांडायला बसलास आणि आता त्यातच अडकून पडला आहेस. शीटमध्ये बावीस ओळी आहेत. नवी दुर्बीण, थर्मल कॅमेरा, पानंपानं छापलेले कपडे, हेलिकॉप्टर. शेवटच्या ओळीत ‘एकूण दिवस : ४’, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात ‘रजा नाही मिळाली तर ३’.

त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितो आहे. बाकीच्या एकवीस ओळींवर खुशाल काट मार. दिवस कापू नकोस.

न्यूझीलंडमध्ये गाईडशिवाय शिकार स्वस्तात होते याचं कारण इथला इतिहास आहे. या भूमीचे स्वतःचे सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघळं. हरणं सगळी जहाजातून आणलेली. त्यांना खाणारं कोणी नाही, ती जंगल खाऊन टाकतात, म्हणून सरकारला ती कमी झालेली हवीच आहेत. बहुतेक सरकारी जंगलांत हरणाला बंद हंगाम नाही. डॉकचा, म्हणजे इथल्या संवर्धन खात्याचा, शिकार परवाना ऑनलाइन मिळतो, तोही फुकट. मुक्कामाला हट, म्हणजे रानातल्या साध्या झोपड्या, आहेत. त्यातल्या कितीतरी हरणं मारायला सरकारनेच नेमलेल्या पगारी शिकाऱ्यांसाठी बांधल्या होत्या. दारं नारिंगी, आत चार-सहा बंक, एक चूल, आणि भिंतीवर आधीच्या लोकांनी कोरलेल्या तारखा. काही फुकट, बाकीच्यांचं भाडं किरकोळ. तेव्हा तुझा खरा खर्च विमान, पेट्रोल आणि शिधा एवढाच.

अंधारात बघायला थर्मल कशाला? सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने परवान्याची वेळ संपते. छापील कपडे तर मुळीच नकोत. भडक नारिंगी जॅकेट घे. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र लांबून दिसतो.

तुला थार हवा आहे, हे कळलं. आपल्या हिमालयातलं रानबोकडासारखं जनावर, १९०४ साली माउंट कुकपाशी सोडलेलं, ते परक्या मुलखात बघायची ओढ मलाही होती. पण त्याचा अंगभर केसांचा झगा बघायचा तर हिवाळ्यात जावं लागतं, आणि तेव्हा तिथे बर्फ, कडे आणि हिमस्खलनं. कड्यावर मारलेलं जनावर दोनशे मीटर खाली घळीत जातं आणि मग त्याच्या मागोमाग माणूस उतरतो. पहिल्या खेपेला नाही. मार्च-एप्रिलचा रोअर, म्हणजे हरणांच्या माजाचा हंगाम, तोही नाही. नर ओरडतात, अंगावर काटा येतो हे खरं, पण त्या दिवसांत प्रत्येक खोऱ्यात रायफलवाले असतात आणि तेही हरणाचा आवाज काढत फिरतात.

नोव्हेंबरमध्ये ये, दिवाळी करून. क्राइस्टचर्चपासून दोन-अडीच तासांवर लुईस पासच्या रस्त्याला विंडी पॉइंट आहे. गाडी तिथे लाव आणि होप नदीच्या खोऱ्यात चालत जा. पाच-सहा तासांवर मोठी हट आहे. नदीकाठच्या सपाटीवर कोवळं गवत आलेलं असतं, संध्याकाळी लाल हरणं बीच नावाच्या झाडांच्या रानातून त्यावर उतरतात. वर्षाचं पोर मिळालं तर मांस लोण्यासारखं. शिंगांचा नाद पहिल्या वेळी सोड.

आणि हे सगळं किमान नऊ दिवसांत. का, ते सांगतो.

१९९९ साल. मला इथे येऊन तीन वर्षं झाली होती. शुक्रवारी निघून सोमवारी सकाळी आठला कामावर हजर व्हायचं, असा बेत. पहिले दोन दिवस वारा पाठीवर, काही दिसलं नाही. रविवारी संध्याकाळी ओढ्यापलीकडे एक मादी उभी होती. सव्वादोनशे मीटर असेल. उजेड उतरत होता. ती पूर्ण आडवी नव्हती, तिरकी होती, आणि मी धापा टाकत होतो. शुक्रवारी ती दिसली असती तर बार केला नसता. उद्या परत येऊ म्हणालो असतो. पण मला उद्या नव्हता.

गोळी लागल्याचा आवाज आला. मादी पाठ आखडून वाकली आणि झाडीत शिरली. ओढा ओलांडून गेलो तर नेच्याच्या एका पानावर रक्ताचे तीन थेंब, काळसर, त्यात अर्धवट पचलेला हिरवा चारा. पोटात लागली होती. आमच्या कोकणात ठासणीच्या बंदुका शेतराखणीला असायच्या, आजोबा रानडुकराचा माग काढायचे, त्यांच्याकडून एवढं शिकलो होतो की पोटात लागलेलं जनावर लगेच हाकलायचं नसतं. तास-दोन तास थांबायचं, ते कुठेतरी बसतं, मग हळूहळू जायचं. तासाभरात अंधार आणि पाऊस. टॉर्चच्या उजेडात अकरापर्यंत हिंडलो. माग धुऊन गेला होता. पहाटे पुन्हा शोधायला हवं होतं. मी रात्रीच चालत गाडीपाशी आलो आणि सोमवारी आठ वाजता कामावर होतो.

ती मादी कुठेतरी दोन दिवस मरत होती आणि मी पगाराच्या नोकरीवर वेळेत हजर होतो. सव्वीस वर्षं झाली, ते पान डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून सांगतो, दिवस कापू नकोस. चार दिवसांचा माणूस चौथ्या संध्याकाळी नको तो बार करतो. स्वभाव कितीही चांगला असो, करतोच.

तुला वाटेल काका एकच रेकॉर्ड लावतात. लावतो. नऊ दिवसांचा हिशेब ऐक. एक दिवस रायफल तपासायला. दोन दिवस आत जाण्या-येण्याचे. दोन दिवस पावसाचे, ते येणारच. नॉर-वेस्टर, म्हणजे वायव्येचा वारा, सुटला की पाऊस मुख्य रांगेवर पडतो. तू उभा असतोस तिथे ऊन असतं आणि नदी भरून येते. गढूळ झाली, दगड गडगडल्याचा आवाज यायला लागला, की ओलांडायची नाही. हटमध्ये बसायचं, चहा करायचा, उतरेपर्यंत थांबायचं. इथल्या डोंगरात नदीने कितीतरी माणसं नेली, आणि सोमवारी कामावर जायचं असलेला माणूस हमखास पाण्यात पाय घालतो. एक दिवस मांस पाठीवर घेऊन बाहेर काढायला. उरले तीन. ते तुझे शिकारीचे. तुझ्या चारांतून हे वजा करून बघ बरं!

मी १९९९ नंतर तीन दिवसांचे बेत कधी केले नाहीत. बिनपगारी रजा घेतल्या. तेव्हाच्या साहेबांनी बढती दुसऱ्याला दिली, मी काही बोललो नाही. एका वर्षी साठवलेली सगळी रजा डोंगरात घातली आणि देशात आलो नाही. त्याच पावसाळ्यात वडील गेले. आई अजून कधीकधी म्हणते, तुला हरणांसाठी रजा होती. तिला काय सांगू? ते आजारी असल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर आलो असतो, नक्की आलो असतो. आणि अर्धे दिवस इकडे, अर्धे तिकडे वाटले असते तर दोन्हीकडे धावतपळत गेलो असतो, हेही खरं आहे. मी चुकलो असं मला वाटत नाही. पण तुझे आईवडील सांगलीत आहेत, तेव्हा त्यांच्या वाट्याचे दिवस आधी बाजूला काढ. डोंगराचे त्यातून घेऊ नकोस, वेगळे मिळव. एक वर्ष उशिरा ये हवं तर.

आता भराभर. तुझ्याकडे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचं बंदुकीचं लायसन्स आहे, पण इथे परदेशी पाहुण्याचं वेगळं लागतं. अर्ज निघायच्या महिनाभर तरी आधी कर. रायफल आणू नकोस, आयातीचा परवाना आणि विमानाची कटकट वाचेल. माझी .३०८ घे. पण परकी बंदूक आहे, म्हणून तो तपासणीचा दिवस. रेंजवर वीस गोळ्या, बसून आणि पिशवीवर टेकवून. शंभर मीटरवर मुठीएवढ्या जागेत पडल्या नाहीत तर मी रायफल देणार नाही, याबद्दल वाद नको. लोकेटर बीकन, म्हणजे संकटात आपली जागा कळवणारं यंत्र, भाड्याने मिळतो, त्यावर काट मारू नकोस. कुठल्या भागात १०८० हे विष टाकलंय ते डॉक जाहीर करतं. ते बघूनच खोरं ठरव, तिथलं मांस खायचं नसतं. आणि संपूर्ण जनावर डोळ्यांनी दिसल्याशिवाय बोट घोड्यावर जाता कामा नये. हलणारी झाडी म्हणजे हरीण नव्हे. तिथे तुझ्यासारखंच कोणाचं तरी पोर असू शकतं.

मी बरोबर येणार नाही. गुडघा आहे, पण तेवढंच कारण नाही. तुला एकट्याने बसायचंय आणि ते तुला यायला हवं. तुझा जोडीदार येत असेल तर दोघं या, पण एका वेळी एकानेच रायफल भरायची.

शीट दुरुस्त करून पाठव. पहिली ओळ दिवसांची असू दे. आणि बूट घासून, तळव्यातली माती टाचणीने काढून, वाळवून आण. विमानतळावर ते उलटे करून बघतात, न सांगता मातीचे बूट नेले तर चारशे डॉलर दंड आहे. तेवढ्यात तुझा नऊ दिवसांचा शिधा होतो.

तुझा,
काका