सत्तेचाळीस मेल आणि एक गाठ

“मॅडम, ४७ मेल पाठवलेत. दोन ठिकाणांहून ‘सध्या जागा नाही’ आलं, बाकीच्यांनी पोचसुद्धा दिली नाही.” खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ती बोलून गेली. सोबत वडील होते. त्यांनी काही न बोलता पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

वय ३३. मूळची सांगली जिल्ह्यातली, पीएचडी पुण्यात, व्हायवा होऊन चौदा महिने झालेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) थिसिस मधुमेही उंदरांच्या पायांच्या स्नायूंवर. आता पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करायचं होतं ते स्नायूंच्या आनुवंशिक आजारांत, मुख्यतः ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रोफीत. तिने विचारलं ते सल्ल्यासाठी माझ्याकडे येणारे बरेच पीएचडीवाले विचारतात: “माझा विषय वेगळा आहे. मला कोण घेणार?”

मी मेल वाचायला मागितला. ‘डिअर सर/मॅडम’, मग ‘आपल्या नामांकित प्रयोगशाळेत’, मग ‘मी मेहनती आहे’. चौथ्या ओळीत ‘डिस्ट्रोफीचा अनुभव नाही, पण शिकायची तयारी आहे’. म्हणजे नकाराचं कारण आपणच समोरच्याच्या हातात ठेवायचं! अमेरिकेतल्या एका पीआयला, म्हणजे प्रयोगशाळाप्रमुख बाईंना, तर तिने कळवलं होतं की मी एनआयएच या तिथल्या सरकारी संस्थेच्या एफ-३२ फेलोशिपला अर्ज करीन. ती फक्त तिथले नागरिक आणि ग्रीनकार्डवाले यांनाच मिळते. त्या बाईंनी पुढचं वाचलं नसेल तर त्यांचा दोष नाही.

मी सीव्ही बाजूला ठेवला. “पाच वर्षं रोज हाताने काय केलंस, ते सांग.”

ती जरा बुचकळ्यात पडली. मग ओढणीचा एक सुटा धागा ओढून तिने माझ्या पेनाच्या टोकाला बांधून दाखवला. उंदराच्या पायातला ईडीएल नावाचा स्नायू काढायचा. शिजलेल्या बासमतीच्या शिताएवढा. दोन्ही टोकांच्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांना, रेशमी दोऱ्याची गाठ मारायची. “गाठ कंडरेवरच बसली पाहिजे. स्नायूवर सरकली तर तंतू मरतात. सैल राहिली तर ताण दिल्यावर घसरते आणि आकडा खोटा येतो.” मग ऑक्सिजन सोडलेल्या क्षारद्रावणात तो टांगायचा, विजेचे झटके द्यायचे आणि तो किती बळ लावतो ते मोजायचं. ही गाठ जमायला तिला सात महिने लागले होते. सीव्हीत ती कुठे होती? तिसऱ्या पानावर, ‘इतर कौशल्ये’मध्ये, एमएस ऑफिसच्या खाली.

मला खरं सांगायचं तर रागच आला.

ड्यूशेनमध्ये एक्स गुणसूत्रावरचं डिस्ट्रोफिनचं जनुक बिघडलेलं असतं. ७९ एक्सॉनचं, म्हणजे तेवढ्या तुकड्यांत विभागलेलं, अवाढव्य जनुक. १९८७ मध्ये त्याचं प्रथिनही ओळखलं गेलं, आणि तेव्हापासून या क्षेत्रात जनुकांवर काम करणाऱ्यांची वाण नाही. पण स्नायूत प्रथिन दिसणं वेगळं आणि त्या स्नायूत जोर असणं वेगळं. एलेव्हिडिस या जनुकोपचाराला अमेरिकेत जून २०२३ मध्ये मंजुरी मिळाली ती स्नायूत सूक्ष्म-डिस्ट्रोफिन (त्या प्रथिनाची छोटी आवृत्ती) तयार होतं या आधारावर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोठ्या चाचणीचा निकाल लागला, तेव्हा मुलांच्या हालचालींच्या मुख्य मोजमापात पुरेसा फरक दिसला नाही. प्रयोगशाळेतल्या एमडीएक्स उंदराची तर गंमतच असते. डिस्ट्रोफिन नसलेल्या या उंदराचा ईडीएल निरोगी उंदरापेक्षा जाडजूड, पण जाडीच्या मानाने बळ कमी. आणि आकुंचन चालू असताना ताणला की चार-पाच खेपांत ढेपाळतो. हे नुसतं बघून कळत नाही. ते मोजायला कुणाला तरी ती गाठ मारता यावी लागते.

“म्हणजे माझं काम तेच आहे?”

“उंदीर दुसरा. गाठ तीच.”

इतका वेळ गप्प बसलेल्या वडिलांनी आता तोंड उघडलं. “ही अजून एक डिग्रीच ना? कायमची नोकरी कधी?” डिग्री नव्हे, दोन-तीन वर्षांच्या करारावरचं पगारी काम, असं मी सांगितलं. पुढे प्राध्यापकी मिळेलच, असं मात्र मी कुणालाच सांगत नाही. औषध कंपन्यांनाही असं मोजमाप करणारी माणसं लागतात, एवढं सांगितलं. त्यांचं समाधान झालं असं काही दिसलं नाही.

मग तारखा काढल्या. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संघटनेच्या फेलोशिपला पीएचडीनंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणजे तिच्या हातात दहा महिने. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपला आठ वर्षांपर्यंत चालतं. अट अशी की ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. पासपोर्टच कोरा असल्यामुळे तो प्रश्न नव्हता. पण हा अर्ज तिथल्या पीआयबरोबर बसून लिहायचा असतो, त्यामुळे सप्टेंबरच्या मुदतीसाठी वसंतातच माणूस गाठावा लागतो. आपल्याकडची राष्ट्रीय पोस्टडॉक्टोरल फेलोशिप पूर्वी एसईआरबी हे केंद्र सरकारचं मंडळ द्यायचं, आता त्याच्या जागी आलेलं एएनआरएफ देतं. वयाची अट ३५, बायकांना पाच वर्षांची सूट. तेहतिसाव्या वर्षीच वय उलटलं असं धरून तिने ती यादीतूनच काढून टाकली होती. बंगळुरूच्या इन्स्टेम या संशोधन संस्थेत स्नायूंच्या मूळ पेशींवर काम चालतं, हेही त्या निमित्ताने निघालं.

नवे मेल फक्त ११ पाठवले. प्रत्येक प्रयोगशाळेचा एखादा पेपर नीट वाचून. पहिल्याच ओळीत ईडीएल आणि सोलियस (पोटरीतला स्नायू), आणि किती स्नायू मोजले तो आकडा. ट्रीट-एनएमडी या स्नायूंच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय गटाने एमडीएक्स उंदरांसाठी प्रमाण कार्यपद्धती प्रसिद्ध केल्यात. आपली पद्धत त्यांहून कुठे वेगळी आहे, याचं एक वाक्य. ‘अनुभव नाही’ हे वाक्य काढायला लावलं, तेव्हा “खोटं नाही ना होणार?” म्हणून ती बराच वेळ अडून बसली. शेवटी ‘मधुमेही उंदरांवर केलेलं काम’ असं सरळ लिहिलं. त्यात सगळं आलं.

चार उत्तरं आली. त्यातला एक स्पष्ट नकार, पण कारणासकट. युरोपातल्या एका प्रयोगशाळेने व्हिडिओ कॉल ठेवला. गाठ घसरली हे तुला आलेखावरून कसं कळतं, असं विचारल्यावर ती वीस मिनिटं बोलत होती म्हणे. सप्टेंबरमध्ये दोघांनी मिळून मारी क्युरीचा अर्ज भरला. तिथे निवड होणं अवघडच, म्हणून इथलाही एक भरून ठेवलाय. निकाल फेब्रुवारीत.

परवा वडिलांचा फोन आला. मला वाटलं, नोकरीचंच विचारतील.

“मॅडम, तो रेशमी दोरा तिकडे मिळतो का हो?”

मिळतो, म्हटलं.

“असू दे. मी एक रीळ आणून ठेवलंय.”