पंपाचा बोर्ड बदलला, जागेचा करार कुणाकडे गेला?

प्रश्न थोडक्यात असा: निपाणीजवळची जागा आजोबांनी 1965 च्या सुमारास एका परदेशी तेल कंपनीला पंपासाठी भाड्याने दिली. आज तिथे एचपीचा (हिंदुस्तान पेट्रोलियमचा) बोर्ड आहे, भाडं मात्र तेव्हाचंच. आता एक खासगी कंपनी जास्त भाडं देऊ करते आहे, तर जागा सोडवता येईल का?

आधी करारावरचं कंपनीचं नाव वाचा. एचपीकडे आलेले त्या काळचे करार बहुतेक एस्सो किंवा कॅल्टेक्सचे असतात. एस्सोचा व्यवसाय सरकारने 1974 च्या कायद्याने घेतला. कॅल्टेक्स 1976 च्या शेवटी सरकारकडे आली आणि 1978 मध्ये एचपीत मिसळली. बर्मा शेल 24 जानेवारी 1976 ला घेतली, तीच आजची भारत पेट्रोलियम. इंडियन ऑइल 1959 पासून सरकारीच, त्यामुळे तिने स्वतः केलेल्या करारांना पुढची गोष्ट लागू होत नाही.

खरी अडचण या तिन्ही परदेशी कंपन्या ताब्यात घेण्याच्या कायद्यांतल्या नूतनीकरणाच्या कलमांत होती (एस्सो आणि बर्मा शेलच्या कायद्यांत कलम 5(2) आणि 7(3)); हे कायदे 2016 मध्ये रद्द झाले. मुदत संपली की, सरकारची किंवा कंपनीची इच्छा असेल तर, करार मूळ अटींवरच पुन्हा व्हायचा. म्हणजे 1965 चा 30 वर्षांचा करार 1995 ला संपला, तरी त्याच भाड्यावर 2025 पर्यंत ओढता येत होता. कित्येक घरांनी त्यामुळे मोठं नुकसान सोसलं आहे. पण ‘इच्छा असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. कंपनीने नूतनीकरण लेखी मागितलं होतं का, कोणत्या तारखेला, ते पत्र शोधा. सरकारी कंपनीने हा हक्क वापरतानाही वाजवीपणे वागलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने 2007 मध्ये भारत पेट्रोलियमच्या एका खटल्यात सांगितलं आहे.

मूळ करार सापडत नसेल तर सब-रजिस्ट्रारकडून नक्कल आणि ईसी (जागेवरच्या नोंदलेल्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा दाखला) काढा. जागेचा एखादा दस्त 1 नोव्हेंबर 1956 पूर्वीचा असेल तर तो मुंबई राज्यातला (निपाणी तेव्हा त्याच राज्यात होती), तेव्हा जुने इंडेक्स मुद्दाम बघायला सांगा. आजच्या उताऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागली आहेत ना, तेही आधी तपासा. एकाच भावाने पाठवलेली नोटीस पुढे कोर्टात लंगडी पडते.

मुदत संपल्यावरही भाडं घेत राहिलात तर ‘मालकाची संमती होती’ असा बचाव येतो. म्हणून हक्क राखून रक्कम स्वीकारत असल्याचं प्रत्येक वेळी लेखी कळवा. दावा कंपनीवर करायचा. डीलर हा कंपनीचा माणूस, तुमचा भाडेकरू नव्हे. आणि मालकाचं खरं बळ पेट्रोलियम नियम 2002 मधल्या नियम 152 मध्ये आहे: जागेवरचा हक्क संपला की साठवणुकीचा परवानाही रद्द होतो.

खासगी कंपनीबद्दल माझं स्पष्ट मत: भाडं विकलेल्या लिटरवर बांधून घेऊ नका, ठरावीकच घ्या. रिलायन्सचे पंप 2008 मध्ये बंद पडले, कारण सरकारी कंपन्या तोट्यात विकत होत्या आणि भरपाई फक्त त्यांनाच मिळत होती. ऑक्टोबर 2014 ला डिझेलचे दर मोकळे झाल्यावरच खासगी पंपांत जीव आला. तरी नोव्हेंबर 2021 ते मार्च 2022 सरकारी पंपांवरचे दर 137 दिवस गोठले आणि खासगीवाले पुन्हा पेचात सापडले.

आपल्या सीमेवर त्यात कराची भर. नोव्हेंबर 2021 मध्ये कर्नाटकने लिटरमागे 7 रुपये कमी केले, महाराष्ट्राने तेव्हा केले नाहीत, आणि कोल्हापूरकडच्या गाड्यांना कोगनोळी-निपाणीत टाकी भरणं परवडू लागलं. जून 2024 मध्ये कर्नाटकने पेट्रोलवरचा विक्रीकर 25.92 वरून 29.84 टक्क्यांवर नेला, एप्रिल 2025 मध्ये डिझेलचा 21.17 टक्के केला, आणि तो फायदा आटला. बेंगळुरूच्या एका आदेशावर तुमचं भाडं हलता कामा नये.

नव्या करारात आणखी दोन अटी घाला. कंपनी विकली गेली तर करार पुढे देण्याआधी तुमची लेखी संमती लागेल. खासगी पंप चालवणारी एस्सार 2017 मध्ये रशियाच्या रोसनेफ्टच्या गटाकडे गेली आणि पुढच्या वर्षी नायरा झाली. दुसरी, जागा सोडताना जमिनीखालच्या टाक्या काढणं आणि तेल मुरलेली माती बदलणं कंपनीच्या खर्चाने, आणि ते पुरं होईपर्यंत भाडं चालू.