ताज्या अक्रोडाच्या कुकीज

प्रश्न: आमच्या भागात अक्रोड पिकतात आणि कुकीजमध्ये मला तेच घालायला आवडतात. मात्र नव्या हंगामातले अक्रोड घातले की कुकीज ओव्हनमध्ये पसरून सपाट होतात, तुकडे मऊ पडतात आणि चव किंचित कडवट लागते. दाटपणा यावा म्हणून निम्म्या मैद्याऐवजी मी अक्रोडाची पूड घालते, तरीही फरक पडत नाही. मैदा वाढवावा का?

उत्तर: केवळ मैदा वाढवल्याने कुकीज कोरड्या होतील आणि अक्रोड मऊच राहील. आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ अक्रोडातच आहे, त्यामुळे उपायही तेथूनच सुरू करावा.

झाडावरून नुकत्याच उतरलेल्या अक्रोडाच्या गरात बरेच पाणी असते. हिरवी साल काढल्यावर अक्रोड कवचासकट, हवेशीर जागी, थेट उन्हापासून दूर, एका थरात पसरून दोन ते तीन आठवडे वाळू द्यावेत. गर वाकवल्यावर लवचीक न राहता कट्कन मोडला, तरच तो वाळला असे समजावे. न वाळलेला गर कुकीजमध्ये घातला, तर त्यातील ओल भोवतालच्या पिठात उतरते आणि गर तर कुरकुरीत होतच नाही, शिवाय कुकीही लवकर मऊ पडते.

वाळल्यानंतरही अक्रोड भाजल्यावाचून वापरू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ओव्हन १६० अंश सेल्सिअसवर तापवून गर आठ ते दहा मिनिटे भाजावा आणि मंद, खमंग वास येताच बाहेर काढावा, कारण गरम ट्रेवर तो पुढेही भाजला जात राहतो. कडवटपणा बहुतांशी गरावरील पातळ सालीतल्या टॅनिन या तुरट-कडवट घटकामुळे येतो. भाजलेला गर कोमट असतानाच जाडसर कापडात घेऊन चोळल्यास सुटेल तेवढी साल निघते. सगळी निघालीच पाहिजे असे नाही, थोडा तुरटपणा गोडव्याला उठावच देतो. नंतर गर पूर्ण गार होऊ द्यावा. कोमट तुकडे घातले की पिठातले लोणी वितळू लागते आणि कुकीज पसरायला तेथेच सुरुवात होते.

आता पुडीविषयी. अक्रोडाच्या वजनात सुमारे ६५ टक्के स्निग्धांश असतो. तुकडे केले तर तो बराचसा गरातच राहतो, परंतु बारीक पूड केली की पिठात मिसळतो. त्यातच त्या प्रमाणात मैदा कमी झालेला असतो, म्हणजे आकार धरून ठेवणारा घटक घटतो आणि तेल वाढते. त्यामुळे पूड घालायचीच असेल, तर मैद्याच्या पाव भागाहून अधिक घालू नये आणि लोणीही थोडे कमी करावे. १५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम लोणी, ८० ग्रॅम साखर, ७५ ग्रॅम भाजलेल्या अक्रोडाचे तुकडे आणि चिमूटभर मीठ हे प्रमाण मला भरवशाचे वाटते. मिश्रण तासभर फ्रिजमध्ये ठेवून १७० अंशांवर, कडा सोनेरी होईपर्यंत, साधारण १२ ते १५ मिनिटे भाजावे. यात बेकिंग सोड्याची गरज नाही, कारण सोड्याने कुकीज अधिक पसरतात.

प्रश्न: फोडून ठेवलेले अक्रोड महिन्याभरात खवट होतात. हे टाळता येईल का?

उत्तर: अक्रोडातील स्निग्धांश हवा, उजेड आणि उष्णता यांनी लवकर बिघडतो. शक्यतो कवचासकट साठवून लागतील तेवढेच फोडावेत. फोडलेला गर हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये आणि अधिक काळासाठी फ्रीझरमध्ये ठेवावा. खवट झालेला गर भाजून किंवा साखर वाढवून सुधारत नाही, म्हणून वापरण्यापूर्वी एक तुकडा चाखून पाहावा. कुकीज इतरांना देताना त्यात अक्रोड आहेत हे मात्र आवर्जून सांगावे, कारण ज्यांना त्यांची ॲलर्जी असते त्यांना अगदी थोड्या अंशानेही गंभीर त्रास होऊ शकतो.