जुन्या डब्ल्यूआरएक्सचं ट्यूनिंग: सुरुवातीला एवढंच कर

कॅलिफोर्नियात 2004 ची सुबारू डब्ल्यूआरएक्स घेतलीस, छानच. बजेट कमी असेल तर सॉफ्टवेअरवर एक डॉलरही घालवू नकोस. लॉग (गाडी चालताना इंजिनच्या आकड्यांची नोंद) घ्यायला आणि मॅप (इंधन, बूस्ट, टायमिंग ठरवणारे तक्ते) बघायला-बदलायला रोमरेडर, ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक वाचायला-लिहायला ईसीयूफ्लॅश, दोन्ही फुकट. पैसे घाल लॅपटॉप गाडीला जोडणाऱ्या, टॅक्ट्रिक्सच्या अस्सल ओपनपोर्ट 2.0 केबलमध्ये. स्वस्त नक्कल ऐन वेळी दगा देते, आणि लिहिणं मध्येच तुटलं की ईसीयू बाद व्हायची भीती.

- सगळ्यात आधी मूळ रॉम (ईसीयूमधला कंपनीचा प्रोग्रॅम) वाचून दोन ठिकाणी जपून ठेव.
- मग नुसते लॉग घे: बूस्ट (टर्बोचा दाब), नॉक करेक्शन (नॉक म्हणजे मिश्रण अवेळी पेटणं; ते जाणवल्यावर ईसीयू टायमिंग किती मागे घेतो), इंजेक्टर ड्यूटी (इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो). तेही ट्रॅकवर, रस्त्यावर नको.
- फ्लॅश करताना, म्हणजे ईसीयूत लिहिताना, बॅटरीला चार्जर लाव.

नवखे सर्वात जास्त फसतात ते दुसऱ्याचा मॅप उतरवून आपल्या गाडीत घालण्यात. त्याचं पेट्रोल 93 ऑक्टेनचं, तुझ्या पंपावर 91, म्हणजे लवकर नॉक होणारं. त्याचा इनटेक (हवा आत घेणारी नळी) वेगळा असेल तर तुझा ईसीयू हवा चुकीची मोजतो, मिश्रण पातळ (इंधन कमी) होऊ शकतं, मग नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटू शकते. मग इंजिनच उघडावं लागतं.

बोनेटखालच्या रबरी व्हॅक्यूम नळ्याही टोकांपाशी वाकवून बघ, भेगा तिथेच पडतात. फुटक्या नळीवर मॅप हा इलाज नाही.

इग्निशन टायमिंगला (ठिणगी कधी पडते त्याला) सध्या हात लावू नकोस. आधी वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण नेमकं मोजणारा) बसव आणि पहिला लॉग पाठव, आपण मिळून वाचू.